लघवीची तपासणी: नमुना नीट कसा द्यायचा, रिपोर्ट कसा वाचायचा

गेल्या पावसाळ्यात गुहागरकडच्या एक मावशी लॅबमध्ये आल्या आणि पिशवीतून लघवीचा नमुना काढून त्यांनी टेबलावर ठेवला. मधाची छोटी बाटली होती. "गरम पाण्याने तीनदा विसळलीय हो ताई," असं त्यांनी मी विचारायच्या आतच सांगितलं. मी स्ट्रिप, म्हणजे रंग बदलणाऱ्या चौकोनांची तपासणीची पट्टी, बुडवली. साखरेचा निळसर चौकोन आधी हिरवा आणि बघता बघता तपकिरी झाला. मावशींच्या वडिलांचा पाय मधुमेहात गुडघ्याखालून काढावा लागला होता. माझ्या चेहऱ्याकडे बघूनच त्या बाकावर बसल्या. मी बाटलीचं झाकण उलटं करून पाहिलं, तर आट्यांमध्ये मध तसाच चिकटून होता. आमच्या डबीत नवा नमुना घेतला, साखर निल. उपाशीपोटीचं रक्त तपासलं, ९२. तेव्हा कुठे त्यांनी पाणी प्यायलं.

चिपळूणला एसटी स्टँडजवळच्या एका लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं टेक्निशियन आहे. रक्त आम्ही काढतो. सुई आमची, ट्यूब आमची, वेळ आम्ही लिहितो. लघवी मात्र तुम्ही घरून आणता, नाहीतर आमच्या बाथरूममध्ये जाऊन घेता, आणि त्या वेळी आमच्यापैकी कोणी तिथे नसतं. म्हणजे या तपासणीतलं पहिलं काम पेशंटच करतो, आणि ते कसं करायचं हे त्याला बहुतेक वेळा कोणी सांगितलेलं नसतं. चिठ्ठीवर 'युरीन रुटीन' लिहिलेलं असतं, हातात डबी मिळते, एवढंच. म्हणून मी इथे सगळं स्पष्ट शब्दांत लिहिते आहे. संकोच करण्यासारखं यात काहीच नाही.

आधी लघवीत असतं काय ते

आपली दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात ओढून घेतात. बाहेर पडते ती दीड लिटरच्या आसपास. तिच्यात ९५ टक्के पाणी. उरलेल्यात सगळ्यात जास्त युरिया, दिवसाला २० ते ३० ग्रॅम. डाळ, मासे, अंडी, जे काही प्रथिन आपण खातो त्यातला नको असलेला नायट्रोजन शरीर या रूपात बाहेर टाकतं. मग मीठ, म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. शिवाय पोटॅशियम, फॉस्फेट, थोडं युरिक ॲसिड आणि स्नायूंकडून येणारं क्रिएटिनिन, दिवसाला एक-दीड ग्रॅम. पिवळा रंग युरोबिलिनचा. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, मग मोडतात. त्यातून बिलिरुबिन तयार होतं, ते पित्ताबरोबर आतड्यात उतरतं, आणि तिथले जीवाणू त्याला बदलून शेवटी हा पिवळा रंग येतो. जीवाणूंचं कोणतं एन्झाइम हे काम करतं ते शास्त्रज्ञांना २०२४ मध्ये सापडलं. रोज डोळ्यांनी दिसणाऱ्या रंगाचं कोडं इतकी वर्षं सुटलं नव्हतं, याचं मला फार नवल वाटलं होतं.

नसावं ते काय? साखर, प्रथिनं, रक्त, पू आणि पित्त. साखर मूत्रपिंडाच्या गाळणीतून खाली उतरते, पण सगळीच्या सगळी परत उचलली जाते. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की परत उचलणाऱ्यांचे हात अपुरे पडतात आणि ती लघवीत येते. आपल्या जुन्या वैद्यांनी लघवीला मुंग्या लागतात हे पाहिलं होतं, 'मधुमेह' नावातच ते आहे. १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या डॉ. मॅथ्यू डॉब्सन यांनी अशी लघवी आटवून तळाशी राहिलेला पदार्थ साखरच आहे हे दाखवलं. पण या १८० च्या आकड्यामुळेच एक गोष्ट लक्षात ठेवा: लघवीत साखर नाही म्हणून मधुमेह नाही, असं होत नाही. उपाशीपोटी १४० असलेल्या माणसाची लघवी अगदी स्वच्छ येऊ शकते. मधुमेह आहे की नाही हे रक्तच सांगतं.

आता नमुना

डबी लॅबचीच घ्या. केमिस्टकडे बंद पाकिटातली, रुंद तोंडाची निर्जंतुक डबी मिळते, तीही चालेल. औषधाची, मधाची, लोणच्याची, कोल्ड्रिंकची बाटली कितीही धुतली तरी नको. डबी वापरायच्या क्षणापर्यंत उघडू नका. नाव डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको, कारण चार डब्या एकदम उघडल्या की झाकणांची अदलाबदल होऊ शकते. नावाखाली लघवी घेतल्याची वेळ लिहा. ही वेळ शंभरात पाच जणही लिहीत नाहीत, आणि मला ती सगळ्यात जास्त हवी असते.

सकाळची पहिली लघवी बहुतेक तपासण्यांना उत्तम. रात्रभर मूत्राशयात साठून ती दाट झालेली असते, त्यामुळे थोडं प्रथिन, थोड्या पेशी, गर्भारपणाचं हार्मोन, सगळं सापडायला सोपं जातं. जंतू असतील तर त्यांनाही नायट्रेटचं नायट्राइट करायला वेळ मिळतो. त्याला चारेक तास लागतात, आणि स्ट्रिपवरचा एक चौकोन नेमका हेच पाहतो.

बायकांनी आधी साध्या पाण्याने पुढून मागे असं धुवायचं. मागून पुढे नाही, कारण शौचाच्या जागेचे जंतू पुढे येतात. साबण किंवा जंतुनाशक लावू नका, त्याचा अंश डबीत उतरला तर कल्चरमध्ये, म्हणजे जंतू प्लेटवर वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू वाढतच नाहीत आणि रिपोर्ट खोटा 'स्वच्छ' येतो. एका हाताने दोन्ही बाजू अलग धरायच्या आणि धार सुरू करायची. पहिली धार जाऊ द्यायची, मग धार न थांबवता डबी खाली धरायची, अर्धी भरली की बाजूला घ्यायची, उरलेली लघवी सोडून द्यायची. पुरुषांनी पुढची कातडी मागे घेऊन धुवायचं, बाकी रीत हीच. पहिल्या धारेबरोबर मूत्रमार्गाच्या तोंडाशी असलेल्या पेशी आणि जंतू वाहून जातात, मधली धार आतली खबर आणते. झाकण बाजूला ठेवताना आतली बाजू वर ठेवा, आत बोट लावू नका.

पाळी चालू असेल तर शक्यतो थांबा, संपल्यावर तीन-चार दिवसांनी या. थांबण्यासारखी स्थिती नसेल तर काउंटरवर तसं सांगा, आम्ही रिपोर्टवर लिहितो. अंगावरून पांढरं जात असेल तर तेही सांगा. माझ्याशी बोलायला अवघड वाटलं तर चिठ्ठीवर लिहून द्या, चालतं.

लघवीची नळी घातलेल्या पेशंटचा नमुना पिशवीतून काढून आणतात, ते अगदी चूक. पिशवीतली लघवी कित्येक तासांची असते. नळीवरच नमुना घ्यायची जागा असते, तिथून नर्सने स्वच्छ करून सुईने काढायचा.

आणि सोनोग्राफी. ज्या दिवशी सोनोग्राफी असते त्या दिवशी माणसं लिटरभर पाणी पितात, ती झाली की धावत बाथरूमला जातात आणि तीच लघवी आम्हाला आणून देतात. काचेसारखी पांढरी. तिचं विशिष्ट गुरुत्व १.००२ भरतं, म्हणजे जवळपास पाणीच. तिच्यात असलेलं प्रथिनही विरून गेलेलं असतं. क्रम उलटा करा: आधी लघवीचा नमुना द्या, मग पाणी प्यायला बसा.

कल्चर सांगितलं असेल तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या. उन्हाळी लागली की घरात पडलेल्या दोन गोळ्या घ्यायची आपल्याकडे सवय आहे. त्या दोन गोळ्यांनी सगळे जंतू मरत नाहीत, पण प्लेटवर उगवतही नाहीत, आणि कोणतं औषध लागू पडेल हे कळायची संधी जाते.

डबीतही लघवी बदलत असते

माझ्या वडिलांची गोष्ट सांगते. ते दुसऱ्या शहरात भावाकडे राहतात. मे महिन्यात तिथल्या एका कलेक्शन सेंटरवर त्यांनी सकाळी सातला डबी दिली. ती दुपारी एकपर्यंत तशीच टेबलावर होती, हे मला नंतर विचारल्यावर कळलं. रिपोर्ट आला: पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ८.५, नायट्राइट पॉझिटिव्ह, बॅक्टेरिया भरपूर. पू-पेशी मात्र १ ते २. सात दिवसांच्या गोळ्या लिहून मिळाल्या. वडिलांना ना ताप, ना जळजळ. मी त्यांना म्हटलं, "आप्पा, गोळ्या घेऊ नका, दोन दिवस इकडे या." इथे ताजी लघवी माझ्या हातांनी तपासली. पीएच ६, नायट्राइट नाही, एकही जंतू दिसला नाही. डॉक्टरांना दोन्ही कागद दाखवले, त्यांनी गोळ्या बंद केल्या.

झालं होतं असं की उबेत जंतू भराभर वाढतात. ते युरिया फोडून अमोनिया करतात, म्हणून पीएच चढतो आणि वास येतो. साखर असली तर ते ती खाऊन टाकतात, म्हणजे पॉझिटिव्ह माणूस निल होऊ शकतो. तांबड्या पेशी आणि कास्ट (मूत्रपिंडाच्या नलिकेतून येणारी सूक्ष्म नळकांडी) विरघळतात. कीटोन उडून जातात. बिलिरुबिन उजेडाने नष्ट होतं. म्हणून नियम एवढाच: दोन तासांच्या आत लॅबमध्ये. लांबून येणार असाल तर लॅबमध्ये येऊनच नमुना द्या, पण वाटेत तीन-चार तास लघवी केलेली नसेल असं बघा. ते जमत नसेल तर घरून घ्या, डबी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि बर्फाच्या तुकड्यांबरोबर आणा. कल्चरचा नमुना फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांवर २४ तास टिकतो. फ्रीझरमध्ये कधीही ठेवू नका. थंड केलेली लघवी गढूळ होते, तळाशी गुलाबी विटेच्या भुकटीसारखा थर बसतो. ते थंडीने साकळलेले युरेट क्षार असतात, घाबरू नका.

लॅबमध्ये पुढे काय होतं

स्ट्रिपवर दहा चौकोन असतात आणि प्रत्येकाची वाचायची वेळ वेगळी: साखर ३० सेकंदांनी, प्रथिन ६० सेकंदांनी, पांढऱ्या पेशींचा, म्हणजे पू-पेशींचा, चौकोन दोन मिनिटांनी. घाई केली तर पॉझिटिव्ह निसटतो, उशीर केला तर रंग आपोआप गडद होतो. व्हिटॅमिन सी च्या मोठ्या गोळ्या चालू असतील तर साखर, रक्त आणि नायट्राइटचे चौकोन फसतात, असूनही नाही म्हणतात. चालू औषधांची यादी आम्ही विचारतो ती याचसाठी.

मग दहा मिली लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवायची, वरचं ओतून टाकायचं, तळाच्या गाळाचा थेंब काचेवर घ्यायचा, वर कव्हरस्लिप. हे काम मला अजूनही मनापासून आवडतं. प्रकाश कमी करून भिंग फिरवलं की आधी काहीच दिसत नाही, मग एकेक गोष्ट वर येते. कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक टपालाच्या पाकिटासारखे, चौकोनावर फुली मारलेली. तांबड्या पेशी फिकट गोल चकत्या. पू-पेशी त्यांच्याहून मोठ्या, आत दाणे. आणि कधीतरी, फार क्वचित, तांबड्या पेशींनी भरलेली लांबट नळकांडी, म्हणजे कास्ट. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकेचा तो साचाच असतो. तो दिसला की रक्त मूत्राशयातून नाही, मूत्रपिंडातूनच येतंय हे पक्कं होतं. तेव्हा मी रिपोर्ट छापण्याआधी डॉक्टरांना फोन लावते.

रिपोर्ट हातात आल्यावर

पू-पेशी भिंगाखाली दिसणाऱ्या प्रत्येक क्षेत्रात ० ते ५ असतील तर ठीक. ८ ते १० आल्या तर लगेच एपिथेलियल पेशींची ओळ वाचा. त्याही भरपूर असतील तर बाहेरच्या कातडीच्या पेशी डबीत उतरल्यात. औषधाआधी नीट घेतलेला दुसरा नमुना हवा. पू-पेशी जास्त, नायट्राइट पॉझिटिव्ह आणि वर जळजळ, ताप, वारंवार लघवी, असं सगळं जुळलं तर संसर्ग समजायचा. कल्चरमध्ये एका मिलीत एक लाख वसाहती हा जुना मानदंड, आणि उगवणारा जंतू बहुतेक वेळा ई. कोलाय. पण काहीही त्रास नसलेल्या आजी-आजोबांच्या लघवीत नुसते जंतू सापडले म्हणून सहसा अँटिबायोटिक लागत नाही. गर्भवतीची गोष्ट वेगळी, तिला त्रास नसला तरी उपचार करतात.

स्फटिक दिसले म्हणजे मुतखडा झाला असं नाही. आदल्या दिवशी पालक खाल्ला, पाणी कमी प्यायलं, तरी ऑक्झलेट दिसतात. पोटात कळा येत असतील तर मात्र त्याला अर्थ आहे.

साखर चार प्लस आणि रक्तातली साखर चांगली, असं असेल तर गोळ्यांची नावं बघा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचं कामच साखर लघवीवाटे बाहेर काढणं आहे. हल्ली रोज दोन-तीन माणसं हा रिपोर्ट घेऊन घाबरून येतात. गोळी बंद करू नका.

मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा 'अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो' करून घ्यावा, हे मी हात जोडून सांगते. मूत्रपिंड बिघडायला लागलं की अल्ब्युमिन हे प्रथिन अगदी थोडं पाझरतं. साध्या स्ट्रिपला ते दिसत नाही, रुटीनच्या रिपोर्टवर 'निल' येतं, आणि माणूस निश्चिंत राहतो. रेशो ३० च्या आत चांगला. ३० ते ३०० आला तर डॉक्टरांकडे जा. या टप्प्यावर औषधांनी पुढचं नुकसान खूप लांबवता येतं. ताप असताना किंवा आदल्या दिवशी अंगमेहनत झाली असताना करू नका, तात्पुरता वाढलेला येतो.

प्रथिनांवरून एक मुलगी आठवते. माझं नोकरीचं दुसरंतिसरं वर्ष होतं. आठवा महिना, डोकं दुखतंय म्हणत होती, हातातल्या बांगड्या रुतलेल्या. त्या दिवशी स्ट्रिप संपल्या होत्या, म्हणून जुनी रीत केली. परीक्षानळी तीन चतुर्थांश भरली, स्पिरिटच्या दिव्यावर फक्त वरचा भाग तापवला. उकळी येताच वर पांढरा ढग धरला. फॉस्फेटनेही असा ढग येतो, पण ॲसेटिक ॲसिडचे थेंब टाकले की तो विरतो. मी तीन थेंब टाकले. ढग विरला नाही, उलट दह्यासारखा घट्ट झाला. मी तिला एकटीला बाहेर जाऊ दिलं नाही, रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेले. रक्तदाब १६०/११० होता. आठवड्याभरात सिझेरियन झालं, दोघी सुखरूप. वीस आठवड्यांनंतर रक्तदाब १४०/९० च्या वर आणि लघवीत प्रथिन, ही जोडी आई आणि बाळ दोघांच्या जिवावर उठू शकते. म्हणून गर्भवतीच्या प्रत्येक फेरीत लघवी मागतात. कंटाळा करून 'मागच्या वेळी केली होती' असं सांगू नका. आशाताईंकडे गर्भधारणा तपासायचं 'निश्चय' किट फुकट मिळतं. तिथून नाव नोंदवलं की या तपासण्याही सरकारी दवाखान्यात होतात.

रंगाबद्दल थोडक्यात. बी-कॉम्प्लेक्सने भडक पिवळी, टीबीच्या रिफाम्पिसिनने केशरी, बीट खाल्लं तर गुलाबी, हे चालतं. चहाच्या अर्कासारखी काळपट आणि वर पिवळा फेस, डोळेही पिवळे, तर काविळीकडे बघा. आणि दुखत नसताना लाल झाली, एकदाच झाली आणि आपोआप थांबली, तरी डॉक्टरांकडे जा. पन्नाशी उलटलेल्या, तंबाखू-विडी ओढणाऱ्या माणसांनी तर त्याच आठवड्यात. मूत्राशयाचा कर्करोग बहुतेकदा असाच न दुखता सुरू होतो.

सकाळची मधली धार हा नियमही प्रत्येक वेळी लागू नसतो. आमच्याच जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून शिस्टोसोमा कृमीची अंडी सापडल्याचं १९५२ मध्ये नोंदलं गेलं. ती अंडी शोधायची तर नमुना सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यानचा घेतात, कारण तेव्हा ती सर्वांत जास्त उतरतात, आणि शेवटची धार मुद्दाम घेतात. म्हणून डॉक्टरांनी वेगळी वेळ सांगितली असेल तर ती पाळा.

चोवीस तासांची लघवी सांगितली असेल तर लोकांची चूक नेमकी एकाच ठिकाणी होते. समजा सकाळी सातला सुरुवात केली. सातची लघवी टाकून द्यायची, कारण ती आदल्या रात्रीची. त्यानंतर दिवसभराची आणि रात्रीची प्रत्येक लघवी कॅनमध्ये, शौचाला जाताना होणारीसुद्धा. दुसऱ्या दिवशी बरोबर सातला पुन्हा जायचं आणि ती मात्र कॅनमध्ये घ्यायची. एकदा जरी विसरलात तर तसं सांगा, आपण परत सुरुवात करू. कॅन सावलीत, थंड जागी ठेवा आणि सगळा घेऊन या, त्यातली थोडी बाटलीत काढून नको, कारण एकूण किती मिली झाली हेही मला मोजायचं असतं.